हा वार्ताहर कथेत काय करतो आहे?

मराठी वर्तमानपत्रांत मरणाची एक ठरलेली भाषा आहे. शेतकरी ‘कर्जबाजारीपणाला कंटाळून’ जातो, सून ‘सासरच्या जाचाला कंटाळून’ जाते, आणि ज्याच्या जाण्याचे कारण घरच्यांना सांगायचे नसते तो ‘अज्ञात कारणावरून’ जातो. मग ‘गावावर शोककळा पसरते’, ‘परिसरात हळहळ व्यक्त होते’ आणि ‘पश्चात पत्नी, दोन मुले, आईवडील असा परिवार’ शेवटच्या ओळीत येऊन उभा राहतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी चार-पाच वर्षे एका दैनिकाचा वार्ताहर होतो, आणि ही वाक्ये मी इतक्या वेळा लिहिली की पुढेपुढे वहीत फक्त नाव, वय आणि गाव टिपून घ्यायचो. उरलेली बातमी हातच लिहायचा. या भाषेची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. संध्याकाळी साडेसातच्या आत मजकूर फॅक्सने जिल्हा कार्यालयात पोचवायचा असायचा, जागा दहा-अकरा ओळींची असायची, आणि अशा वेळी ठरलेली वाक्ये लिहिणाऱ्याला सावरून धरायची. (तेरवीच्या पत्रिकेची भाषाही ठरलेलीच असते, तिला कोणी नावे ठेवत नाही.)

पत्रकारिता आणि कथा-कादंबरी यांच्यातल्या नात्याचा विचार मी करू लागलो तो मात्र बातमीतून गळलेल्या एका वाक्यामुळे.

२००६ चा ऑक्टोबर होता आणि कापसाची पहिली वेचणी सुरू झाली होती. मी ज्या घरी गेलो तिथे माणूस जाऊन तिसरा दिवस होता. पडवीत मला बाजेवर बसवले. समोरच्या भिंतीवर खुंटीला फवारणीचा पंप टांगलेला होता, त्याचा तुटलेला पट्टा सुतळीने बांधून घेतलेला होता, आणि ती सुतळी अजून कोरी होती. बायको सव्वीस-सत्तावीस वर्षांची. मी नेहमीचे प्रश्न विचारले: जमीन किती एकर, कर्ज कोणाचे, किती. तिने नेहमीची उत्तरे दिली. त्या दिवशी सकाळी काही वेगळे जाणवले का, असे मी विचारले तेव्हा ती ‘नाही’ म्हणाली. मी पुन्हा विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली की त्या दिवशी त्यांनी बैलांना सरकीची ढेप (पेंड) जास्त टाकली होती.

मी ते वाक्य वहीत लिहून घेतले आणि खाली रेघ मारली. बातमीत घातलेही. रात्री डेस्कवरून फोन आला. उपसंपादक माझ्यापेक्षा वयाने बराच मोठा होता. ‘अरे, या ढेपेचं मी काय करू?’ असे त्याने विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी बातमी एका कॉलममध्ये आली, तीत ढेप नव्हती. तो मला त्या रात्री अरसिक वाटला होता. आज वाटते, त्याचे काम तो नीट करत होता. ढेप जास्त टाकली म्हणजे मरायचे सकाळीच ठरले होते, हा माझा तर्क होता, आणि तर्क छापणे हे त्याचे काम नव्हते.

त्या घराची आणखी एकच बातमी नंतर आली, तीही यादीत. शासनाची मदत एक लाखाची असायची. त्यातले तीस हजार कुटुंबाच्या हातात आणि सत्तर हजार ठेवीत. ती मिळण्यासाठी कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे लागे, ते थकलेले असावे लागे आणि वसुलीचा तगादा असावा लागे. या माणसाचे देणे होते कृषी केंद्राच्या उधारीचे आणि शेजारच्या गावातल्या एकाकडून घेतलेल्या हातउसन्या पैशांचे, ज्याला चिठ्ठीचपाटी काही नव्हती. तहसीलच्या यादीत त्याच्या नावापुढे ‘अपात्र’ असा शब्द पडला. मेलेल्या माणसाला अपात्र ठरवणारा हा शब्द मराठी गद्याने अजून पुरता पचवलेला नाही, असे मला वाटते.

दोन-तीन वर्षांनी मी नोकरी सोडली आणि हीच हकीकत कथा म्हणून लिहून एका दिवाळी अंकाकडे पाठवली. ढेप होती, पंपाचा पट्टा होता, कोरी सुतळी होती, ‘अपात्र’ही होते; डेस्कने जे जे कापले होते ते सगळे मी परत आणून बसवले होते. कथा परत आली. संपादकांनी पहिल्याच पानाच्या समासात पेन्सिलीने एवढेच लिहिले होते: ‘हा वार्ताहर कथेत काय करतो आहे?’

मला राग आला, कारण माझी एक समजूत होती, आणि ती बहुतेक वार्ताहरांची असते. चहाच्या टपरीवर आम्ही एकमेकांना सांगायचो की आपल्या वह्यांत दहा-दहा कादंबऱ्या पडल्या आहेत, फक्त वेळ नाही. म्हणजे बातमीतून जे उरते ते साहित्य, असा हिशेब. कात्रीने कापलेले तुकडे जोडले की कथा उभी राहील. ती राहत नाही. माझ्या त्या कथेत तुकडे सगळे होते. पण बाजेवर बसून बघणारा अजूनही मीच होतो, आणि ती बाई माझ्या प्रश्नांची उत्तरे देण्यापुरतीच जिवंत होती. बातमीत तिने तेवढेच करायचे असते. कथेत ती तेवढेच करत असेल तर ती लांबलेली बातमी होते.

हे मला उशिरा कळले. मराठीत ते शंभराहून अधिक वर्षांपूर्वी करून दाखवलेले होते. १८९० आणि ९१ ही वर्षे पुण्यात संमतिवयाच्या विधेयकावरून गाजली. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा करण्याचा प्रश्न होता; ‘केसरी’ कायद्याच्या विरोधात, आगरकरांचा ‘सुधारक’ बाजूने, आणि दोन्हीकडची लेखणी अशी तापलेली की आज वाचतानाही चटका बसतो. शास्त्राधार, वैद्यकीय मते, सरकारचा हक्क या सगळ्यांचा कीस पडत होता. त्याच शहरात १८९० मध्ये हरि नारायण आपट्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यात ‘पण लक्षांत कोण घेतो!’ हप्त्याहप्त्याने येऊ लागली. ज्या मुलींविषयी अग्रलेख लिहिले जात होते त्यांच्यातली एक, यमुना, तिथे स्वतःच बोलू लागली. माहेर, सासर, वाचन, वैधव्य आणि शेवटी बळजबरीने झालेले केशवपन हे सगळे ती ‘मी’ म्हणून सांगते. हरिभाऊ तेव्हा सव्विशीचे होते, पुरुष होते आणि संपादक होते. पुढच्या अंकाची तारीख त्यांच्याही डोक्यावर होती. विधवांच्या स्थितीची जी माहिती वर्तमानपत्रांकडे नव्हती अशी कोणतीच त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी बोलणारे माणूस तेवढे बदलले. आणि पुस्तकाचे नाव पाहा: अग्रलेख लिहून थकलेल्या संपादकाची तक्रार असावी तसे ते वाटते.

आपल्याकडे संपादक आणि साहित्यिक ही दोन माणसे अनेकदा एकाच अंगरख्यात राहिली आहेत. टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली ती ‘केसरी’तल्या अग्रलेखांबद्दल, त्याच ‘केसरी’त लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणत होते, आणि प्रेक्षकांना कीचकाच्या जागी व्हाइसरॉय कर्झन दिसत होता. सरकारलाही दिसला, नाटकावर १९१० मध्ये बंदी आली. हे उदाहरण नेहमी दिले जाते, पण मला त्याचा फारसा मोह नाही. तिथे नाटक अग्रलेखाचे काम करत होते, पौराणिक वेष घालून. तेही काम मोठेच. माझ्या प्रश्नाशी मात्र त्याचा संबंध थोडा आहे.

अरुण साधूंचा संबंध जास्त आहे. साधू मुंबईत इंग्रजी वर्तमानपत्रांसाठी राजकीय वार्तांकन करत आणि कादंबऱ्या मराठीत लिहीत. मंत्रालयातले जे इंग्रजी बातमीत मावत नव्हते त्यासाठी त्यांना आपली भाषा लागली, असे म्हणण्याचा मोह होतो, पण हा माझा तर्क आहे आणि उपसंपादकाने तो कापला असता. ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या त्यांच्या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, जब्बार पटेलांनी १९७९ मध्ये चित्रपट केला, आणि निळू फुल्यांनी उभा केलेला दिगू टिपणीस हा पत्रकार मराठी माणसाच्या कायमच्या ओळखीचा झाला. दिगूला सगळे ठाऊक असते. कोण कोणाला भेटले, कोण फुटणार, कोणाच्या घरचा फोन कोणाला जातो, हे त्याच्यापाशी बातमीहून आधी पोचते. इतके असून या माहितीने काही बदलत नाही, आणि शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो. पत्रकाराने लिहिलेल्या कादंबरीत पत्रकार असणे धोक्याचे असते, कारण तो लेखकाचा लाडका होऊन बसतो, सगळ्यांपेक्षा शहाणा आणि सगळ्यांपेक्षा स्वच्छ. साधूंनी दिगूला ती सवलत दिली नाही. तो खेळाबाहेर उभा असल्याचा त्याचा भ्रम कादंबरी हळूहळू काढून घेते. माझ्या कथेतल्या वार्ताहराला मी ती सवलत पुरेपूर दिली होती.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त अडवते ते ‘कमला’ हे नाटक. १९८१ च्या एप्रिलमध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’च्या अश्विनी सरीन या पत्रकाराने मध्य प्रदेशात एक बाई २,३०० रुपयांना विकत घेतली आणि तिची बातमी केली. माणसांचा बाजार भरतो, हे सांगून कोणी ऐकत नव्हते. म्हणून त्याने खरेदीच करून दाखवली. बातमीने देश हादरला, आणि हादरायलाच हवा होता. विजय तेंडुलकरांनी त्याच वर्षी नाटक लिहिले. तेंडुलकर स्वतः ‘मराठा’, ‘लोकसत्ता’ अशा वर्तमानपत्रांतून काम केलेले. बातमीची भूक आणि ती भागल्यावरची झोप त्यांना बाहेरून ठाऊक नव्हती. नाटकात पत्रकाराचे नाव जयसिंग जाधव आहे आणि त्याने बाई आणली आहे अडीचशे रुपयांना. पत्रकार परिषदेत उभे करायचे म्हणून त्याने तिला आपल्या दिल्लीच्या घरात आणून ठेवले आहे. त्या घरात कमला घराच्या मालकिणीला, सरिताला, एक प्रश्न विचारते: तुला याने कितीला विकत घेतले?

हा प्रश्न कुत्सित नाही. ती खरोखर चौकशी करते आहे, कारण तिच्या जगात घरात बाई असते ती विकतच घेतलेली असते, आणि आता दोघींनी कामाची वाटणी कशी करायची हे तिला ठरवायचे आहे. सरिता पुढे काय काय करते ते नाटक ज्यांनी पाहिले त्यांना माहीत आहे. नवऱ्याच्या पत्रकार परिषदेसारखीच आपणही एक भरवावी आणि या घरातल्या गुलामाची ओळख करून द्यावी, असे तिला वाटू लागते. मला इथे एवढेच दाखवायचे आहे की तो प्रश्न कोणत्याही बातमीत येऊ शकला नसता. तो प्रत्यक्षात विचारला गेला असता आणि पत्रकाराने ऐकला असता, तरी तो त्याच्या बातमीचा भाग ठरला नसता, कारण बातमी बाजाराविषयी होती आणि प्रश्न त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघराविषयी. तेंडुलकरांनी बातमी खोटी पाडली नाही. त्यांनी खुर्ची उचलली आणि सरिताच्या बाजूला नेऊन ठेवली.

या प्रकरणाला कोर्टाचे एक शेपूटही आहे, आणि ते मला फार आवडते. नाटकावरून पुढे हिंदी चित्रपट झाला तेव्हा वृत्तपत्राची कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली: ही आमच्या पत्रकाराची हकीकत आहे, लेखाधिकार (कॉपीराइट) आमचा आहे. घडलेल्या घटनेवर किंवा कल्पनेवर लेखाधिकार नसतो, तो मांडणीवर असतो, असा न्यायालयाचा निवाडा आला. वकिली भाषेतले हे वाक्य मी साहित्याच्या वर्गात फळ्यावर लिहून ठेवले असते. घटना कोणाचीच नाही. पण मग ती जिच्यावर घडली तिचा तीवर काय हक्क, हा प्रश्न त्या खटल्यात कोणी उपस्थित करण्याचे कारणच नव्हते. कंपनी भांडली, निर्माते भांडले. जिचे नाव सगळ्यांनी वापरले ती त्या कागदांत पक्षकार नव्हती.

जयंत पवारांचे ‘अधांतर’ हे नाटक मी इथे एवढ्यासाठीच आणतो की जागा बदलण्याचा हा सर्वांत साधा आणि सर्वांत अवघड प्रकार आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला मुंबईतला गिरणी संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार, संपाचे नेते दत्ता सामंत, सरकार, गिरणीमालक, जमिनी: वर्तमानपत्रांनी हे सगळे वर्षानुवर्षे छापले. पवार गिरणगावातच वाढलेले, पुढे ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये पत्रकार. त्यांनी १९९७ मध्ये नाटक आणले ते चाळीतल्या एका खोलीचे. संप त्या खोलीच्या बाहेर आहे. आत आहेत आई, मोठी झालेली मुले आणि उरलेले दिवस. अडीच लाखांचा आकडा त्या खोलीत शिरतच नाही, आणि तो नसल्यामुळेच त्याचे वजन कळते.

हे सगळे लिहिताना पत्रकारितेला दुय्यम ठरवण्याचा सूर लागतो आहे का, अशी शंका मला येते. तसे असेल तर तो सूर खोटा आहे. मराठी समीक्षेत ‘वर्तमानपत्री’ हे विशेषण शिवी म्हणून वापरतात. ज्यांनी ते रूढ केले त्यांतल्या अनेकांच्या कथांत खेड्यातला माणूस कोणते बियाणे पेरतो, उधारीवर व्याज कसे लागते, तालुक्याला जाणारी शेवटची एसटी किती वाजता सुटते, हे नसते. सगळे ‘गावाकडे’ घडते आणि सगळ्यांना ‘एकदम भरून येते’. वार्ताहराला हे चालत नाही. आडनावाची वेलांटी चुकली तरी दुसऱ्या दिवशी माणूस दारात उभा असतो. त्या धाकाने मला जे शिकवले ते कोणत्याही कथालेखन शिबिराने शिकवले नसते, आणि माझ्या गद्यात जो काही टणकपणा असेल तो फॅक्सच्या रांगेत उभे राहून आलेला आहे.

ती परत आलेली कथा मी दोन वर्षे तशीच ठेवली आणि मग पुन्हा लिहिली. वार्ताहर काढून टाकला. आता पडवीत येणाऱ्यांकडे ती बाई आतून बघत होती: तलाठी, पक्षाचे लोक, कृषी केंद्राचा मुलगा, हातउसने दिलेला माणूस, जो पैसे मागत नाही पण रोज येतो. कोणाला चहा द्यायचा आणि कोणाला पाणी, हे तिला ठरवावे लागत होते, कारण साखर संपत आलेली. ढेपेचे वाक्य कथेच्या मध्यावर होते आणि ते तिच्या मनात येत होते, कोणालाही न सांगता. ही कथा छापून आली. लोकांनी ढेपेच्या जागेचा खास उल्लेख केला. मीही मनातून त्या जागेवर खूश होतो.

२०१४ मध्ये बचत गटांच्या एका मेळाव्यात ती मला भेटली. अंगणवाडीत मदतनीस झाली होती; मुलगा दहावीला होता. ‘पेपरवाले भाऊ ना तुमी?’ म्हणून तिनेच ओळखले. चाचरत मी तिला कथेविषयी सांगितले. नाव घातले का, असे तिने विचारले. नाही म्हटल्यावर ‘मंग बरं’ म्हणाली. मग मी, कोणास ठाऊक का, तिला ढेपेचे वाक्य सांगितले. तिने आठवण्याचा प्रयत्न केला आणि सरळ म्हणाली, ‘ढेप काई जास्त नोती टाकली त्यायनं. रोजच्यावानीच. तुमी दोनदा इचारलं, म्हून सांगतलं.’

वर्तमानपत्रात अशी चूक झाली की खुलासा छापतात. मी स्वतः दोन-तीन छापून आणले आहेत. आतल्या पानावर, चौकटीत, बारीक टाइपात. कथेचा खुलासा कुठे छापायचा? आणि काय म्हणून? उपसंपादकाने ते वाक्य कापले नसते तर एक खोटी गोष्ट माझ्या नावाने छापली गेली असती, हे पहिल्यांदा लक्षात आले. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी दुसरी गोष्ट लक्षात आली. त्या पडवीत माझ्यासमोर खरोखर काहीतरी घडले होते आणि ते मी टिपले नव्हते, कारण मी मान खाली घालून लिहीत होतो. तिसऱ्या दिवशी आलेला एक परका माणूस उठत नाही, त्याला काहीतरी हवे आहे, ते मिळाल्याशिवाय तो जाणार नाही, हे ओळखून तिने त्याला ते दिले होते. आल्यागेल्याला काय द्यायचे हे ती ठरवत होती, असे मी कथेत मोठ्या समजुतीने लिहिले होते. त्या आल्यागेल्यांत मी मला धरले नव्हते.

संग्रह निघायच्या वेळी मुद्रिते तपासायला आली तेव्हा मी प्रकाशकांकडे आणखी आठ दिवस मागून घेतले. कथेच्या मध्यावरचे ते वाक्य काढले. कथेत आता पुन्हा एक वार्ताहर आहे. तो बाजेवर बसला आहे, चहा त्याच्या बाजूला निवतो आहे, आणि ती दाराच्या चौकटीला टेकून त्याच्या वहीकडे बघते आहे. तो दुसऱ्यांदा विचारतो. ती त्याच्या थांबलेल्या पेनाकडे बघते, आणि बैलांना ढेप जरा जास्त टाकते.